भैरवीनंतरही स्पीकर गप्प बसत नाही

ताई, स.न.वि.वि.

वय 68, डोंबिवलीत राहतो, बँकेतून निवृत्त. गाण्याचा नाद शाळेपासूनचा. घरात तीनशेच्या आसपास कॅसेट, शंभर-सव्वाशे सीडी आणि एका हार्ड डिस्कवर सीडींवरून उतरवलेली गाणी आहेत. मुलगा बंगळुरात असतो. गेल्या दिवाळीत त्याने स्मार्ट स्पीकर आणून बसवला आणि गाण्यांच्या एका ॲपचे वर्षाचे पैसे भरून दिले. महिनाभर मी खूश होतो. मग बघतो तर मेहनतीने केलेल्या यादीतली पंधरा-वीस गाणी राखाडी झालेली, कितीही दाबा, वाजत नाहीत. स्पीकरकडे जुनं भावगीत मागावं तर कुठल्याशा स्पर्धेत कोणी पोरीने गायलेलं लावतो. रात्री मैफल ऐकत पडावं तर ती संपताक्षणी डीजेचा दणका सुरू. हार्ड डिस्कवर निम्म्या गाण्यांची नावं नुसती 'ट्रॅक 01', 'ट्रॅक 02'. मुलगा म्हणतो, "बाबा, सगळं ऑनलाइन आहे, ते खोके भंगारात द्या." यंदा घराला रंग काढायचाय, म्हणून सौ.चंही तेच पालुपद. त्या खोक्यांत चाळीसेक कॅसेट आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या आहेत, मी स्वतः रेकॉर्ड केलेल्या. मी हट्टी म्हातारा झालोय का?

– एक वाचक, डोंबिवली

काका, नमस्कार.

थोडे झालाय. पण त्या चाळीस कॅसेटच्या बाबतीत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात, आणि उरलेल्या अडीचशेच्या बाबतीत चिरंजीव बरेचसे बरोबर आहेत. तुम्ही दोघं एकाच खोक्याबद्दल भांडताय असं तुम्हाला वाटतंय, पण खोके दोन आहेत. खोक्यांकडे येतेच. आधी तो डीजे बंद करू, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे.

माझा अंदाज असा, की स्पीकर बसवताना मुलाने स्वतःचंच खातं त्याला जोडलंय. आपण सगळेच घाईत असलो की हेच करतो. त्यामुळे स्पीकरच्या लेखी ऐकणारा माणूस बंगळुरातला तिशीतला तरुण आहे, डोंबिवलीतले काका नव्हेत. अल्बम संपला की त्या तरुणाला आवडेल ते तो पुढे लावतो. याला 'ऑटोप्ले' म्हणतात, आणि तो बहुतेक ॲपमध्ये आपोआप चालूच असतो. भैरवी झाली की मैफल संपली, पुढे कोणी काही गात नाही, हे ॲप बनवणाऱ्यांच्या गावीही नसतं. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. एक खूण सांगते: दुपारी तुमचं गाणं मध्येच आपसूक थांबतं का? थांबत असेल तर त्याच वेळी मुलाने ऑफिसात कानाला हेडफोन लावलाय असं समजा. बहुतेक ॲपमध्ये एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं.

तेव्हा तुमचं खातं वेगळं करून घ्या. 'फॅमिली' योजनेत सभासद वेगवेगळे करता येतात, मात्र काही ॲपची अट असते की सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. बंगळूर आणि डोंबिवली त्यात बसत नसतील तर तुमच्या एकट्याचं खातं काढा. त्याच सेटिंगमध्ये 'क्रॉसफेड' सापडेल, तोही शून्यावर आणा. एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळवायची ती सोय आहे. पार्टीत ठीक. पण विलंबित ख्याल आणि द्रुत असे दोन ट्रॅक असतात तेव्हा विलंबिताची शेवटची सम द्रुतच्या तोंडात जाते. आणि आडव्यातिडव्या बाणांचं 'शफल' बंद आहे ना, ते प्रत्येक वेळी बघा. गीतरामायणात 56 गाणी आहेत आणि ती एका क्रमाने कथा सांगतात. शफल चालू राहिलं तर सेतू बांधून होतो आणि मग स्वयंवर लागतं.

आता राखाडी गाणी. ॲपवाल्यांकडे गाणी नसतात, गाणी वाजवायची परवानगी असते. ती गाण्याच्या मालक कंपनीकडून ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक देशापुरती मिळते. करार संपला, पैशांवरून फाटलं, की गाणं उतरतं. हे काही तुमच्याच नशिबी आलेलं नाही. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी 2019 मध्ये आलं, आणि दोन महिन्यांत सारेगामा कोर्टात गेल्यावर त्यांची गाणी उतरवावी लागली. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही, म्हणजे तुमच्या-माझ्या आवडीचं बरंचसं. करार व्हायला 2020 उजाडलं. मार्च 2023 मध्ये झी म्युझिकशी बोलणी फिसकटली आणि नव्या हिंदी-मराठी सिनेमांची गाणी तिथून रातोरात गेली, मग पुन्हा आली. तुम्ही वर्गणी भरलीत ती वाचनालयाची. पुस्तक आवडलं म्हणून ते तुमच्या कपाटात येत नाही, आणि वाचनालयाने उद्या ते काढून टाकलं तर तुम्हाला विचारतही नाहीत. ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणंही तुमचं होत नाही. ती कुलूपबंद फाइल असते, त्याच ॲपमध्ये वाजते, आणि स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये तर 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडलं नाही तर तीही गप्प होते.

पण राखाडी झालेलं प्रत्येक गाणं गेलेलं नसतं, आणि इथे तुमचा थोडा वेळ सत्कारणी लागेल. एकच ध्वनिमुद्रण ॲपवर तीन-चार ठिकाणी असतं: मूळ अल्बममध्ये, गायकाच्या निवडक गाण्यांत, संगीतकाराच्या निवडक गाण्यांत, आणि कुठल्यातरी 'सदाबहार' नावाच्या गाठोड्यात. एक अल्बम उतरला की त्यातली प्रत राखाडी होते, बाकीच्या वाजत राहतात. यादी मात्र जुन्याच प्रतीला धरून बसलेली असते. तेव्हा गाणं पुन्हा शोधायचं, वाजणारी प्रत यादीत घालायची, मेलेली काढायची.

शोधताना मराठी माणसाची खरी परीक्षा स्पेलिंगची. 'झाला' कोणी झेडने लिहितं, कोणी जे-एचने. 'ज्ञानेश्वर' डी-एन-वायने सुरू होतात, जे-एनने होतात आणि जी-वायनेही होतात. 'ही' ला एक आय की दोन ई, हे अपलोड करणाऱ्याच्या मर्जीवर. सिनेमाचं गाणं असेल तर सरळ सिनेमाच्या नावाने शोधा, भावगीत असेल तर मुखड्यातला सगळ्यात सोपा शब्द आणि गायकाचं आडनाव एवढंच टाका. देवनागरीत लिहूनही बघा, कधी कधी त्यानेच सापडतं. आणि गायकाच्या पानावर विसंबू नका. आपल्याकडच्या गाण्यांना ॲपवाले गायक, संगीतकार आणि बरेचदा कवीलाही एकाच 'आर्टिस्ट' रकान्यात कोंबतात. सुधीर फडक्यांच्या पानावर गेलात की बाबूजींनी गायलेली गाणी आणि बाबूजींनी चाल दिलेली पण आशाबाईंनी गायलेली गाणी एकाच रांगेत उभी. 'आर्टिस्ट' आणि 'अल्बम' हे रकाने पाश्चात्त्य पॉप संगीतासाठी आखलेले. आपलं नाटक, राग, कवी, साथीदार यांना त्यात जागाच नाही.

स्पीकरशी बोलून गाणं मागणं तुम्ही सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तो इंग्रजी कानाने ऐकतो. 'ळ' आणि 'ण' त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर भलतंच काहीतरी होतं, आणि मग जे सगळ्यात जास्त लोकांनी वाजवलंय ते तो लावतो. स्पर्धेतल्या मुलीचं गाणं लागतं ते याच गणिताने, तिच्यावर राग धरू नका. गाणं फोनवर डोळ्यांनी निवडायचं आणि ॲपमधल्या स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवून तिकडे पाठवायचं. अगदी तोंडानेच सांगायचं असेल तर यादीला 'मॉर्निंग वन' असं बाळबोध इंग्रजी नाव द्या. 'भूपाळी' नाव ठेवाल तर रोज सकाळी वाद. काकूंना स्पीकर कुकरचा टायमर लावायला आणि हवामान विचारायला आवडत असेल, तर त्याची जागा स्वयंपाकघरात. तिथे तो कामाचा आहे.

मात्र एक गोष्ट कटाक्षाने टाळा: तुमच्या हार्ड डिस्कवरची गाणी कुठल्या तरी ॲपवर चढवून इथली प्रत पुसून टाकणं. गूगल प्ले म्युझिकवर स्वतःची 50,000 गाणी फुकट चढवता यायची. जगभरच्या लोकांनी चढवली, आणि 2020 अखेर गूगलने दुकानच बंद केलं. दुसरीकडे हलवायला काही महिन्यांची मुदत दिली होती खरी. पण ज्यांनी तो ईमेल वाचलाच नाही त्यांचं काय? एअरटेलचं विंक 2024 मध्ये मिटलं. त्याच वर्षी सोनोस या महागड्या स्पीकरच्या कंपनीने ॲप नवं केलं, तर घरातल्या संग्रहातलं गाणं शोधणं, गजर लावणं, असल्या रोजच्या गोष्टीच चालेनाशा झाल्या. लोक इतके खवळले की पुढच्या जानेवारीत कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. स्पीकर तोच, भिंतीवर तिथेच, तरी बिघडला, कारण त्याचा मेंदू दुसऱ्याच्या हातात होता. म्हणून हॉलमध्ये एक साधा ॲम्प्लिफायर आणि तारेचे स्पीकर असू द्या. कॅसेट वाजवायचा जुना डेक असेल तर तो अजिबात काढू नका, पुढे लागणार आहे.

'ट्रॅक 01'चं गूढ सोपं आहे. बहुतेक ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं नसतातच. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की तो ट्रॅक किती आणि केवढे लांब आहेत हे मोजतो आणि इंटरनेटवरच्या यादीत त्याच मापाची सीडी शोधतो. त्या याद्या लोकांनीच हाताने भरलेल्या. इंग्रजी सीडी भरणारे हजारो, मराठी सीडी भरणारं क्वचित कोणी. सापडली नाही तर 'ट्रॅक 01', 'अननोन आर्टिस्ट'. आणि योगायोगाने दुसऱ्याच कोणाचं माप जुळलं तर नाट्यगीताला परदेशी बँडचं नाव!

'एमपी थ्री टॅग' नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी चांगलं आहे. त्यात एका फोल्डरमधली सगळी गाणी तक्त्यासारखी दिसतात आणि नावं भरता येतात. सीडीचं कव्हर शेजारी ठेवा आणि एका बैठकीत एकच सीडी करा. आपोआप नावं ओळखणारी साधनंही आहेत, पण मराठीत त्यांचा भरवसा धरू नका, आणि कुठलंही साधन सबंध डिस्कवर एकदम सोडू नका. आधी एका फोल्डरची नक्कल काढून तिच्यावर प्रयोग. फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा आणि आतल्या टॅगमध्ये, म्हणजे गाणं-गायकाच्या नावाच्या रकान्यांत, देवनागरी लिहा, कारण गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. नावाआधी 01, 02 असे दोन आकडे हवेत. नुसता 1 लिहिलात तर बऱ्याच यंत्रांत 1 नंतर थेट 10 लागतं.

फोनवर स्वतःची गाणी ऐकायला व्हीएलसी किंवा म्युझिकोलेटसारखं साधं ॲप पुरे. त्यांना ना वर्गणी, ना तुमच्या आवडीबद्दल त्यांचं काही मत.

आता खोके.

पहिल्यात कंपनीच्या छापील कॅसेट येतील. त्यांची एकेक करून ॲपवर तपासणी करा. तेच ध्वनिमुद्रण, त्याच आवाजात मिळालं तर कॅसेट गेली तरी हरकत नाही. ॲपवरची प्रत बहुधा तुमच्या तीस वर्षं घासलेल्या फितीपेक्षा चांगलीच असेल. नाव जुळलं म्हणून फसू नका. कॅसेटच्या जमान्यात एकाची गाणी दुसऱ्याकडून गाऊन घेऊन विकायचा धंदा जोरात होता, आणि तो मालही आता ॲपवर आलाय. गीतरामायणाचंच घ्या. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवर ते वेगवेगळ्या गायकांनी गायलं, पुढे रेकॉर्ड निघाल्या त्या बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात. गाणी तीच, पण हवं ते कोणतं, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. छोट्या कंपन्यांच्या कॅसेट (गावोगावचे कीर्तनकार, शाहीर, बंद पडलेली लेबलं) बरेचदा कुठेच मिळत नाहीत. त्या दुसऱ्या खोक्यात टाका. आणि जी कॅसेट द्याल तिच्या आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे त्या कागदावर बारीक अक्षरात असतं. ॲपवर नसतं.

दुसरा खोका म्हणजे मंडळाच्या चाळीस कॅसेट. या जगात आणखी कुठेही नाहीत, ऑनलाइन तर नाहीतच. चिरंजीवांना हे एवढंच वाक्य ऐकवा, बाकी वाद घालू नका. या कॅसेट रंगाऱ्याच्या हाती लागायच्या आधी बेडरूमच्या कपाटात नेऊन ठेवा. माळ्यावर नको, आणि मोठ्या स्पीकरला चिकटून तर नकोच, त्यातल्या लोहचुंबकाने फितीवरचं पुसट होऊ शकतं. मग प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला जे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात ते स्क्रूड्रायव्हरने तोडा. ते तुटले की डेकचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही, चुकून पुसायची भीती गेली.

लगेच वाजवायला मात्र बसू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून फितीकडे बघा. कडेला पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी. आपल्या दमट हवेत ती धरतेच. तशी कॅसेट डेकमध्ये घातली की बुरशी हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब करते, म्हणून त्या बाजूला काढून जाणकाराकडे द्या. फितीमागचा स्पंजाचा चिमुकला तुकडा गळून पडलाय का तेही बघा. तो नसेल तर आवाज दबका आणि खोल येतो, आणि आपल्याला वाटतं रेकॉर्डिंगच गेलं. दुसऱ्या फालतू कॅसेटमधला तुकडा काढून बसवता येतो. पहिला खोका पूर्ण रिकामा करू नका म्हणते ते यासाठीही. डेकचा रबरी पट्टा इतक्या वर्षांत सैल झालेला किंवा विरघळलेला असणार, तो बदलून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. मग प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात.

उतरवायला डेकच्या 'लाइन आउट'मधून तार काढून ती यूएसबी साउंड कार्डात आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये. लॅपटॉपला जे एकच गोल भोक असतं ते हेडफोन-माइकचं, त्याच्या नादी लागू नका. 'ऑडॅसिटी' मोफत आहे. रेकॉर्डिंग 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, वेव्ह फाइल. हे सीडीचंच माप, मैफलीच्या कॅसेटला भरपूर झालं. मिनिटाला साधारण 10 एमबी लागतात, म्हणजे 90 मिनिटांची कॅसेट एका जीबीच्या आत आणि चाळीसच्या चाळीस 40 जीबीत. पुढे त्या 'फ्लॅक' नावाच्या फाइल-प्रकारात बदलल्यात तर आवाजात काडीचा फरक न पडता जागा जवळपास निम्मी होते. वेळेला मात्र पळवाट नाही. दीड तासाची कॅसेट दीड तासच घेणार. पण तुम्ही ती ऐकणारच आहात की!

एक कळकळीची विनंती: उतरवताना साफसफाई करू नका. खरखर काढणारी बटणं सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ती तंबोऱ्याचा झंकारही काढून नेतात. मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी ठेवा, नक्कल काढून तिच्याशी काय खेळायचं ते खेळा. आणि गाण्याच्या मधलं बोलणं कापू नका. कार्यवाहांनी "फाटकासमोरची स्कूटर कोणाची आहे" म्हणून केलेली घोषणा, गायकाने माइकवाल्याला केलेली खूण, पुढच्या रांगेतल्या आजोबांची 'क्या बात है', हे राहू द्या. फाइलच्या नावात साल, ठिकाण, गायक, राग एवढं घाला. साथीदार आठवत असतील तर आजच लिहून काढा, किंवा मंडळाच्या जुन्या मंडळींना फोन करा. ती माहिती कॅसेटपेक्षा लवकर नाहीशी होते.

हे सगळं स्वतः जमणार नसेल तर करून देणारे व्यावसायिक आहेत. त्यांच्याकडे सुरुवातीला बिनमहत्त्वाची एक कॅसेट द्या, वेव्ह फाइल मागा, ऐका, आणि मग पाच-पाच करून द्या. चाळीस एकदम कधीही नाही.

उतरवून झालं की घरात वाटा, खुशाल ऐका, पण यूट्यूबवर चढवायची घाई करू नका. त्या रात्री गाणाऱ्या कलाकाराचाही त्या सादरीकरणावर कायद्याने हक्क असतो, आणि त्याने गायला होकार दिला होता तो मंडपातल्या लोकांसाठी. कलाकार असतील तर त्यांना, नसतील तर घरच्यांना आधी विचारा. बरेचदा त्यांच्याकडे त्या काळातलं काहीच नसतं आणि ते तुमच्याकडेच प्रत मागतात.

राहता राहिले चिरंजीव. त्याने हौसेने आणलेल्या वस्तूवर तुम्ही वर्षभर तक्रारी केल्यात, हेही जरा लक्षात घ्या. डेकचा पट्टा तुम्ही बघा, साउंड कार्ड त्याला आणायला सांगा. आणि दोन हार्ड डिस्क लागतील, पेन ड्राइव्ह नको. एक तुमच्याकडे आणि एक बंगळुरात त्याच्या घरी, कारण दोन्ही प्रती एकाच घरात असणं म्हणजे एकच प्रत असल्यासारखं आहे. वर्षातून एकदा तो इकडे येईल तेव्हा दोन्ही जोडायच्या, चार-दोन फाइली वाजवून बघायच्या, नवीन उतरवलेलं त्याच्या डिस्कवर घालायचं. कामाला हात घाला दसऱ्यानंतर. पावसाळ्यात ते खोके उघडूसुद्धा नका.